तिसऱ्या भागातला कप्तान

३ मार्च

प्रिय बारक्या,

तुझा तिसरा भाग काल पाहिला. पहिला दिवस, पहिला खेळ. दुकानाला कुलूप लावलं आणि यांना जवळजवळ ओढतच नेलं. दोन गिऱ्हाइकं मापं द्यायला येऊन परत गेली म्हणे. जाऊ देत. नऊ वर्षांत ‘शिडांचा राजा’चा पहिला दिवस मी कधी चुकवलेला नाही. फोन करावा, तर मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं चुकीचं ऐकू येतं. म्हणून नेहमीसारखं पत्र.

सिनेमा भिकार आहे. राग मानू नकोस. दुसऱ्या भागात कप्तान बुडून मेला तेव्हा मी रुमाल भिजवला होता. आता तो समुद्राच्या तळाशी कसली तरी जादूची घंटा वाजली म्हणून उठून बसतो. मग मी रडले ते कशाला? आठ तोंडांचा राक्षस दाखवलाय, त्यातली पाच तोंडं एकाच साच्यातली. मध्यंतरापर्यंत हे झोपले, आणि नंतर घोरू नयेत म्हणून मी चिमटे काढत बसले.

पण माझं दुःख वेगळंच. पहिल्या भागातली डोलकाठीवरची लढाई आठव. नटाच्या जागी तू आणि अॅडमिरलच्या जागी तुझा तो जोडीदार सुतार. तीन मिनिटं कॅमेरा एका जागी आणि तुम्ही दोघं खाली-वर. लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. नट कुठला आणि तू कुठला ते कोणाला कळलं नाही, मला कळलं. तुझा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे. चाळीस वर्षं तुझे शर्ट शिवतेय, टोपी घालून तोंड लपवलंस तरी खांदा कुठे लपवशील?

काल एक वार धड दिसेल तर शपथ. तलवार उचलली की शीड दिसतं, मग कोणाचे तरी बूट, मग पडलेला माणूस. आणि त्या टोपीखालचे खांदे, बारक्या, पट्टीने आखल्यासारखे सरळ होते.

सप्टेंबरात तू कार्डावर चार ओळी खरडल्या होत्यास, ‘शूटिंग जोरात.’ मग तू होतास कुठे?

तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस नमस्कार,

अक्षर पाहून दचकू नकोस. उजवा अंगठा मुरगळलाय, पेन धरवत नाही. मी सांगतोय, मित्र लिहून घेतोय. त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

सिनेमा वाईट आहे, मान्य. आमचा दिग्दर्शक नवा आला. त्याला एक वारही सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघवत नाही, मध्येच काहीतरी दुसरं दाखवतो. तो घरी जेवतानाही घास अर्धवट ठेवून दुसरा उचलत असेल, असं आम्ही म्हणायचो. राक्षसाबद्दल विचारू नकोस. तीन तोंडांनंतर त्यांचा उत्साह संपला.

आणि मीच होतो गं. खांद्याचं म्हणशील तर आता कॉम्प्युटरवर सगळं सरळ करतात. नटाचे खांदे सरळ, म्हणून माझेही करून टाकले. मित्र म्हणतो, तुमच्या ताई शिवणकाम करतात की चौकशी खात्यात आहेत?

तब्येत उत्तम. नवी खोली चांगली आहे, सकाळी ऊन येतं. तुझं ऐकू येण्याचं मशीन दुरुस्त करून आणलंस का? भाऊजींना सांग, मला घोरायची नक्कल करून दाखवायची आहे, ती त्यांच्या समोर.

तुझा
बारक्या


२० मार्च

प्रिय बारक्या,

मी पुन्हा जाऊन आले. या वेळी एकटी, तिसऱ्या रांगेत. मला धरून अकरा माणसं होती. तिकिटं फाडणाऱ्याने मला ओळखलं आणि विचारलं, “बाई, परवा काही विसरला होता का?” मी म्हटलं, “हो, भाऊ.”

आता नीट वाच. खांदे कॉम्प्युटरने सरळ केले, मान्य करते. पण कोट? पहिल्या दोन्ही भागांत कप्तानाच्या कोटाला उजव्या खांद्यात पाऊण इंचाचं पॅड होतं. मला माहीत आहे, कारण तुमच्या कपडेपटवाल्या बाईंना ते मीच सुचवलं होतं. या भागातल्या कोटाला पॅड नाही. वळताना कापड सपाट पडतं, मी चार वेळा पाहिलं. शिवाय तू पायऱ्या उतरताना डावा पाय आधी टाकतोस. हा उजवा टाकतो. तोही कॉम्प्युटरने बदलला का?

अॅडमिरलच्या जागीही सुतार नव्हता. उंचीच कमी आहे.

मग मी शेवटची नावं वाचायला थांबले. पार संपेपर्यंत. झाडूवाला माझ्याकडे बघत उभा होता. राक्षसाच्या दातांना रंग देणाऱ्याचंसुद्धा नाव आहे, तुझं नाही. सुताराचंही नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकतेय. तुझ्या पत्रात स्वल्पविराम जागच्या जागी. तू कधीपासून एवढा नीटनेटका सांगायला लागलास? तो मित्र कोण? त्याला नाव नाही का? कंपनीत काही अपघात झाला आणि तो दाबून टाकला असं तर नाही ना? तू त्यांच्या सांगण्यावरून गप्प आहेस का?

हे पत्र तू स्वतः वाचतोयस असं धरून एक विचारते. मागच्या वर्षी आला होतास, तेव्हा तुला सुईत दोरा ओवता येईना. मी हसले, तर तू म्हणालास, उजव्या डोळ्यापुढे धूर धरल्यासारखं दिसतं. कोणाला सांगू नकोस म्हणालास. मी यांनाही सांगितलं नाही. त्या डोळ्याचं काय झालं? डॉक्टरकडे गेलास का? तलवार चालवणाऱ्या माणसाने अशी चालढकल करू नये.

तुला आठवतं का, तू सहा वर्षांचा असताना शेजाऱ्यांच्या छपरावरून उडी मारली होतीस आणि मी खाली चादर धरून उभी होते? तेव्हापासून तू उड्या मारतोयस आणि मी खाली उभी आहे. उगाच आठवलं.

लगेच उत्तर पाठव.

तुझी ताई


२ एप्रिल

ती. ताईस नमस्कार,

उत्तराला उशीर झाला. कामात होतो.

तू फार विचार करतेस. अपघात वगैरे काही नाही. नावं देताना कंपनी नेहमीच गोंधळ घालते.

छपरावरची उडी आठवते. तू चादर धरली होतीस म्हणून वाचलो.

एक काम कर. डोळ्याचं मी तुला सांगितलं ती नेमकी तारीख कळव. डॉक्टर विचारतात, त्रास कधी सुरू झाला. मी मागच्या वर्षी दोनदा आलो होतो, म्हणून गोंधळ होतोय. पहिल्या खेपेला सांगितलं की दुसऱ्या? तुझ्या वहीत असेल तर पाहून लिही. विसरू नकोस.

तुझा
बारक्या


८ एप्रिल

जो कोणी हे पत्र उघडेल त्यास,

तुम्ही माझा भाऊ नाही. आमच्या शेजाऱ्यांना छप्पर नव्हतं, कारण आम्हाला शेजारीच नव्हते. घराच्या एका बाजूला मोकळं मैदान होतं आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. चादरीची गोष्ट मी बनवून लिहिली होती. माझ्या भावाने ती वाचली असती तर कपाळाला हात लावला असता.

तुम्ही ‘आठवते’ असं लिहिलंत.

यांनी तीन दिवस त्याचा फोन लावला. बंद आहे. हे म्हणतात, सरळ पोलिसांत जाऊ. मी म्हटलं, आधी एक पत्र जाऊ दे, कारण खोटं बोलणाऱ्या माणसाच्या अक्षरात मला भीती दिसली. पहिल्या पत्रात रेघा सरळ होत्या, दुसऱ्या पत्रात त्या खाली घसरल्यात. मी कापड कापणारी बाई आहे, घसरलेली रेघ मला लांबून दिसते.

तुम्हाला त्याच्या डोळ्याची तारीख कशाला हवी? डॉक्टर तारीख विचारत नाही, महिना विचारतो. तुम्ही कंपनीचे आहात का? वकिलाचे? त्याच्यावर काही ढकलायचं आहे का? मी तारीख देणार नाही.

माझा भाऊ कुठे आहे ते आठ दिवसांत कळवा. नाहीतर मी त्या पत्त्यावर येते. मी बहिरी आहे, त्यामुळे दारात कोणी काही सांगून मला परतवेल अशी आशा ठेवू नका.

बारक्याची बहीण


१४ एप्रिल

आदरणीय ताई,

बारक्या जिवंत आहे. भिंतीपलीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालतोय. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, माझं चुकलं.

मी सुतार. तुम्ही मला पडद्यावर पाहिलंय, अॅडमिरलच्या कोटात. ही खोली माझी आहे. तो माझ्याकडे राहतो. दोन्ही पत्रं माझ्या हातची. पहिलं त्याने सांगितलं, मी उतरवलं. अंगठ्याचं खोटं होतं हे मला माहीत होतं. त्याला आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही, वाचता तर येतच नाही. बहिणीला काळजी नको म्हणून बोलतोय, बोलू दे, असं मी म्हटलं. दुसरं पत्र मी त्याला न सांगता लिहिलं.

गेल्या वर्षी दोन जूनला तिसऱ्या भागाचा सराव होता. डेकवरची लढाई. सातव्या वाराला मी कठड्यावरून उडी घेऊन दोर पकडायचा. आम्ही ही लढाई दीडशे वेळा केली असेल. त्या दिवशी त्याची तलवार माझ्या मनगटावर बसली. बोथटच होती, पण दोर सुटला आणि मी बारा फूट खाली पडलो. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने पलंगावर, आता काठी. मी परत कधी लढणार नाही.

चौकशी झाली. सगळे म्हणाले, सुताराने उडी सहाव्या वाराला घेतली. मला पडल्यानंतरचंच आठवतं, आधीचं नाही, म्हणून मीही मानलं. आमच्या संघटनेने ‘निष्काळजी’ असा शेरा मारून माझं नाव कमी केलं. आठवड्याने बारक्यानेही काम सोडलं. म्हणाला, तुझ्याशिवाय कोणाशी लढू? आणि बोचकं घेऊन इथे आला. मला अंघोळ घातली, भांडं दिलं, उचलून खिडकीत बसवलं. मी देवाचे आभार मानले, असा मित्र दिला म्हणून. दहा महिने रोज मी पडल्यापडल्या वार मोजायचो. एक, दोन, तीन. मी सहाला का उडी मारली असेल?

डोळ्यांबद्दल त्याने मला सांगितलं होतं की हे अपघातानंतर सुरू झालं, काळजीने.

मग तुमचं पत्र आलं आणि नेहमीप्रमाणे मी ते मोठ्याने वाचायला लागलो. डोळ्याचा मजकूर अर्ध्यावर असताना मी थांबलो. विचारलं, “मागच्या वर्षी म्हणजे कधी?” तो उठला आणि दूध तापत ठेवलं होतं तिथे जाऊन उभा राहिला. दूध उतू गेलं तरी उभाच. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. तो सगळं करतो, फक्त बोलत नाही. फोनही बंद करून कपाटात ठेवलाय.

तो मे महिन्यात तुमच्याकडे आला होता आणि जूनच्या शेवटीही, दोन दिवस. जूनमध्ये सांगितलं असेल तर मी एक हलक्या मनाचा, संशयी माणूस आहे आणि मी त्याची माफी मागेन. मेमध्ये सांगितलं असेल तर मला ते कळायला हवं.

तुम्ही त्याची बहीण आहात. तुम्ही काहीही लिहू शकता, मला पडताळून बघता येणार नाही. तरी विचारतो.

सुतार


२१ एप्रिल

सुतार यांस,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग वही काढली. आमच्याकडे कोणीही आलं की मी माप घेते, ती माझी खोड आहे. बारक्या जूनच्या अठ्ठावीस तारखेला आला तेव्हा छाती एक इंचाने कमी झाली होती. मी विचारलं, वाळलास का? तो म्हणाला, सराव.

काल मी तुम्हाला पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, अठ्ठावीस जून. पाकिटात घातलं, चिकटवलं, तिकीट लावलं. हे चपला घालून म्हणाले, “दे, टाकून येतो.” मी पाकीट हातात धरून बसले. हे दारात उभे. शेवटी म्हणाले, “अगं, टाकायचं आहे की धरून बसायचं आहे?”

तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. आई गेली तेव्हा त्याला माझ्या कडेवर दिला होता. तुम्हाला मी पाहिलेलंसुद्धा नाही, पडद्यावर पाहिलं तेही दुसऱ्याच्या कोटात. पण तुम्ही पलंगावर पडून वार मोजताय, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

नऊ मे. दुपारी. त्या दिवशी मी त्याचा निळा शर्ट बेतला होता.

आणखी एक लिहिते, ते माझ्याबद्दल. धुरकट डोळ्याने तो तलवार चालवतोय हे मला नऊ मेपासून माहीत होतं. तो म्हणाला, गप्प बस, आणि मी गप्प बसले. वर शर्टही शिवून दिला. कंपनीवर संशय घेतला, तुमच्यावर घेतला, पोलिसांत जायची भाषा केली. त्याच्यावर घ्यायला हवा होता, तो घेतला नाही.

आता खालचं त्याला वाचून दाखवा. तुम्हीच दाखवा.

बारक्या, मी सांगितलं. तुझ्यावर रागावून नाही सांगितलं. संघटनेच्या कचेरीत जा आणि जे झालं ते जसंच्या तसं सांग. आधी कचेरी, मग डोळ्यांचा डॉक्टर. क्रम बदलू नकोस.

ताई


३० मे

ताई,

हे मी स्वतः लिहितोय. अक्षर मोठं आहे कारण लिहायची सवय मोडलीय आणि काळ्या जाड पेनाशिवाय दुसरं पेन घरात नव्हतं.

सुताराने तुझं पत्र मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्याच्यासाठी लिहिलेलं होतं तेसुद्धा. आवाज कुठे चढला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, “कचेरी दहाला उघडते.”

मी एकटाच गेलो. तो म्हणाला, मी येणार नाही, मी आलो तर तू माझ्याकडे बघून बोलशील. टेबलापलीकडे तेच पाचजण होते. मागच्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, “त्याने उडी लवकर मारली का?” आणि मी मान हलवली होती. ताई, मी एक शब्द खोटं बोललो नव्हतो. नुसती मान, एवढीशी. घरी येताना मी स्वतःला हेच सांगत होतो की तू बोलला तर काहीच नाहीस.

या वेळी सगळं बोललो. एप्रिलपासून डोळा धुरकटला होता. कोणाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कप्तानाच्या कोटात दुसरा माणूस उभा राहिला असता. मला वाटलं, दीडशे वेळा केलेली लढाई, डोळे मिटूनही करेन. पाच वार तसेच केले. सहाव्याला डोलकाठीवरून ऊन आलं आणि सुताराची तलवार दिसायची बंद झाली, नुसती चकाकी दिसली. सातव्याला मी अंदाजाने हात फिरवला. त्याची उडी बरोबर होती. अगदी ठरल्या क्षणी.

माझं नाव कमी केलं, त्याचं परत लावलं. तसंच व्हायला हवं होतं.

डॉक्टरीण म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात जास्त, कधीतरी मार लागला असेल. एकेका डोळ्याला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं, ताई. मी तिला विचारलं, गेल्या वर्षी आलो असतो तर? ती म्हणाली, तेव्हाही वीसच लागली असती. तिला वाटलं मी वेळेबद्दल विचारतोय.

परवा आम्ही तिसरा भाग पाहिला. मी म्हटलं नव्हतं, सुतारच म्हणाला, बघू तरी. तो आता एकाच पडक्या थिएटरात दुपारी लागत होता, दुसऱ्या दिवशी उतरणार होता. माणसं नऊ. सुताराने आमच्या दोघांमधली एक खुर्ची मोकळी सोडली आणि तिच्यावर काठी ठेवली.

तू म्हणालीस त्याहून वाईट आहे. घंटा वाजून कप्तान उठला तेव्हा मागून कोणीतरी “झोप परत” म्हणून ओरडलं. मग डेकवरची लढाई आली. आमचीच, तेच वार, फक्त तुकडे तुकडे केलेले. ते नवे दोघे काही वाईट नव्हते गं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मोजत होते बिचारे. त्यांना कोणी एकमेकांकडे बघायलाच शिकवलं नव्हतं. म्हणून दिग्दर्शकाला कापावं लागलं. मी सगळा दोष त्याच्या माथी मारला होता.

अॅडमिरल कठड्यावरून उडाला आणि व्यवस्थित दोर धरून पलीकडे गेला. मला पडद्याकडे बघवेना. सुतार बघत होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आपण असतो तरी हा सिनेमा पडलाच असता.”

मी म्हटलं, “हो.”

“पण लढाई बघायला लोक आले असते.”

मग तो तिथेच पायरीवर बसला, खुबा दुखत होता म्हणून, आणि म्हणाला, “तलवार लागली त्याचा मला राग नाही. ती कोणाचीही लागते. तू मला भरवलंस, अंग पुसलंस आणि दहा महिने मी तुझ्यासमोर वार मोजत होतो. तू ऐकत होतास. रोज ऐकत होतास आणि उशी सारखी करत होतास.” पुढे म्हणाला, “तू आता जा. मला काठीने सगळं जमतं.”

मी माफी मागितली. तो म्हणाला, “ऐकली.” एवढंच.

म्हणून मी मंगळवारच्या बसने येतोय. थोडे दिवस राहू दे. दुकानात काज-बटणं करेन, आता सुईत दोरा ओवता येतो. तू मला ओरडणार असशील तर ओरड, मला बरं वाटेल. त्याचं न ओरडणं फार जड जातंय.

बारक्या


४ जून

आदरणीय ताई,

संघटनेचं पत्र आलं. ‘निष्काळजी’ हा शब्द खोडलाय. त्यावर शिक्का मारून दिलाय.

चौथा भाग काढतायत म्हणे. तिसरा इतका आपटूनही. मला बोलावलं होतं, त्या नव्या दोघांना शिकवायला. स्टुलावर बसून शिकवीन म्हटलं, हो म्हणाले. पहिल्या दिवशी मी दोघांना तलवारी खाली ठेवायला लावल्या आणि डोळे तपासून या म्हणून परत पाठवलं. त्यांना वाटलं म्हातारा सनकी आहे.

तुम्ही नऊ मे लिहिलंत. तुमच्या जागी मी असतो तर काय लिहिलं असतं, मला सांगता येत नाही. विचार करून पाहिला.

इथे सगळं ठीक आहे. सकाळी ऊन येतं. खोली मोठी वाटते.

बस मंगळवारी चारला पोचते असं तो म्हणाला होता. आज गुरुवार. पोचला का, एवढं एका ओळीत कळवा. मी विचारलं हे त्याला सांगू नका.

सुतार